अकरा मिनिटं चाळीस सेकंद

पुणतांबेकर काकूंच्या वधूवर मंडळाचा सर्व्हर
इंदूरला, राजेंद्र नगरात, लोखंडी कपाटाखाली असतो.
चपलांच्या खोक्याएवढा. वर क्रोशाचा रुमाल,
जो मी रोज काढतो
आणि त्या रोज घालतात.
एक-शून्य-एक काकू.
एक-शून्य-दोन देवासची शकुंतला, जी पत्रिका जुळवते.
एक-शून्य-तीन मी, म्हणजे बिघाड.

आमच्या खोक्याला कायमचा पत्ता नाही.
घराला आहे, नळाच्या बिलावर आहे,
पण तारेतून जो चार आकड्यांचा मिळतो
तो कंपनीचा. लाईट गेली की बदलतो,
कधी पहाटे तीनला उगाचच बदलतो.
पक्का हवा तर महिन्याला साडेतीनशे जास्त.
काकू म्हणाल्या, कशाला रे?
लग्नानंतर सात घरं केली मी या गावात,
जुनी इंदूर, मल्हारगंज, रामबाग, परत मल्हारगंज.
दर वेळी बाफनांच्या किराणा दुकानात सांगून निघायचे,
कुणी विचारत आलं तर इकडे पाठवा.
कुणी चुकलं नाही. एक दीर सोडून,
आणि तो चुकला तेच बरं झालं.

तर मी एक बाफना शोधला,
फुकटातला, कुठल्याशा परदेशात बसलेला.
दर पाच मिनिटांनी आमचं खोकं बाहेर जाऊन विचारतं,
अहो, मी कुठे राहतो?
आणि जे उत्तर येईल ते त्याला कळवतं.
घराच्या आतून आपला पत्ता दिसत नाही,
हे समजायला मला दोन रात्री लागल्या
आणि पावशेर लसूण शेव.

त्या रविवारी पत्ता बदलला रात्री नऊ बेचाळीसला.
बाफनाला कळलं.
फोन जोडणाऱ्या प्रोग्रामला नाही कळलं,
तो येईल त्याला जुनंच दार दाखवत राहिला.
अशा वेळी होतं काय, तर
आपलं बोलणं पोचतं
आणि समोरच्याचं जुन्या घरी जातं.

सोमवारी नोंदी चाळल्या.
खरगोनचा नंबर. वहीत चारशे सतरा.
अकरा मिनिटं चाळीस सेकंद.
गेलेली पाकिटं पस्तीस हजार.
आलेली, शून्य.

काकू, तुम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं?
काही नाही. पंख्याची घरघरसुद्धा नाही.
मग ठेवला का नाही?
पोरगी होती.
कशावरून?
मुलाचे बाप, ऐकू येत नाही म्हटलं की ठेवतात.
हिला मी तीनदा सांगितलं, बाई गं, मला ऐकू येत नाहीये.
तरी ठेवेना.
मग म्हटलं, बरं, बोल.
मी मेथी निवडत बसले,
मधे मधे हं म्हणत होते.

मला झोप आली नाही.
तो जुना पत्ता एव्हाना कुणा दुसऱ्याला मिळाला असणार,
अन्नपूर्णा रोडवर, नाहीतर पार रतलामला.
जेवणं झालेली, टीव्ही चालू,
आणि त्यांच्या राउटरच्या दाराशी
वीस-वीस मिलिसेकंदांचे तुकडे येऊन पडताहेत,
एकामागून एक, पस्तीस हजार.
ओळख नाही, म्हणून त्याने एकही उघडला नाही.
राउटरला तसंच शिकवलेलं असतं.
माझ्याही आहे, मीच शिकवलंय.

आता दुरुस्ती केली आहे.
पत्ता हलला की प्रोग्राम आपसूक ताजा होतो,
चालू असलेला एखादा फोन तुटतो तेवढाच.
काकूंना सांगितलं, यापुढे दोन्हीकडचं ऐकू येईल.
त्या बरं म्हणाल्या, फार काही खूश दिसल्या नाहीत.

वहीत चारशे सतराच्या पुढे
त्यांच्या तिरप्या अक्षरात, पेन्सिलीने:
तूर्त नको. पत्रिका परत पाठवणे.

हे कुणी सांगितलं तुम्हाला?
तिनंच की,
असं म्हणून त्यांनी खोक्यावर रुमाल घातला.