खाचा

रूफिना सावेल्येव्हना लेथवर वाकते तेव्हा
तिचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबतो, पडत नाही.
तोम्स्क. बाहेर उणे एकतीस.
आत तेलाचा वास, आणि पोलादी नळीच्या आतल्या अंगाला
एकामागून एक कोरली जाणारी कंकणं,
चौदा खाचा, चौदा कंगोरे.

मी तिला सांगत असतो (तिनं विचारलेलं नसतं)
की गुळगुळीत भिंत असली तर लाट पुढं निसटते,
इलेक्ट्रॉनांना काही केल्या गाठता येत नाही.
खाचा असल्या की ती अडखळते,
प्रत्येकीत डोकावते, उशीर होतो तिला,
आणि मग भिंतीला बिलगूनच चालते.
भिंतीपासून बोटभर सरकलं की उरतच नाही.
इलेक्ट्रॉनांनी जायचं ते अगदी कडेकडेनं,
शिवले तर धातू जळतो,
लांब राहिले तर तिच्या पदरात काही पडत नाही.

"माझा नवरा असाच होता," ती म्हणते.
लाटेसारखा की इलेक्ट्रॉनसारखा, ते सांगत नाही.

मंगळवारी पहिला शॉट.
अंधारात निऑनच्या बारक्या दिव्यांची पाटी,
चारशे दिवे, वायर एकालाही नाही.
उजळायचं होतं कडं.
उजळलं ते एका बाजूनं उंदरानं कुरतडल्यागत.

गेन्रिख ओसिपोविच दोन दिवस आकड्यांत बुडालेला.
मापनयंत्र म्हणालं, सगळं ठीक.
रूफिनानं नळी मागवली, मांडीवर आडवी घेतली,
पोराचा कान धुवावा तसा अंगठा आत घातला,
डोळे मिटले.
"नववीत. कुसळ आहे."

शुक्रवारी तिला शिशाच्या काचेमागं उभं केलं.
वीस नॅनोसेकंद.
पुरं कडं, मधे काळंभोर भोक.
आम्ही ओरडलो.
तिचं पातं नेमकं तेव्हाच लवलं.
"झालं?"

फोटो दाखवला. हात लांब करून, चष्म्यावरून पाहिला.
"गोल आहे," म्हणाली,
गोल नसून करतो काय, अशा आवाजात.

पुढं महिन्याभरानं नळी उघडली.
कंगोऱ्यांच्या धारेवर राखाडी टिंबं,
देवीच्या व्रणांसारखी, तिच्या सहा आठवड्यांच्या कामावर.
अंगठा ओला करून ती एकेकावरून फिरवत राहिली.

"किती चालेल अजून?"
"हजारभर शॉट."
"म्हणजे सगळे मिळून किती वेळ?"

मी मनात गुणाकार केला. सांगितला नाही.
तिनं तोवर पुढची नळी
चकमध्ये आवळायला घेतली होती.