रुमाल

पंचवीस वर्षं मी बकऱ्यांच्या श्वासनळ्या कापल्या.
मोमिनपुऱ्यातून सकाळी थर्मासमध्ये यायच्या,
बर्फात, अजून गुलाबी.
एकेक कडं सोडवायचं, कड्याला कडं दोऱ्यानं बांधायचं,
साखळी कोमट खारट पाण्यात टांगायची.
समोर ढोल फिरायचा, काजळी धरलेला कागद गुंडाळून,
त्याला टेकलेली एक काडी.

ॲसिटिलकोलीनचा थेंब टाकला
की साखळी आवळायची,
काजळीत पांढरी टेकडी उमटायची.
धुवायचं. मग ॲट्रोपिन. मग पुन्हा तोच थेंब.
काडी सरळ चालत राहायची
वर्ध्याकडच्या रुळासारखी.

मेडिकलची पोरं विचारायची, बाई, यानं स्नायू सैल केला का?
मी म्हणायची, अरे, एसटीत खिडकीतून रुमाल टाकतात ना सीटवर,
तसं आहे हे.
रुमाल कुठं जात नाही, तिकीट काढत नाही,
पण बसणारा येतो, बघतो, उभाच राहतो.
फार गर्दी झाली तर मात्र
कुणीतरी रुमाल उचलून फेकतोच:
थेंब शंभरपट करा, काडी पुन्हा चढेल.
परीक्षेत येतं हे, लिहून घ्या.

पुंडलिक हेडाऊंना परीक्षा नव्हती.
गोळीबार चौकात आमच्या भिंतीला भिंत.
मिलच्या पिंजण खात्यात बावीस वर्षं,
वरून बिडी.
मिल बंद पडली, कापूस छातीतच राहिला.
मे महिन्यात, कूलरसमोर बसून, दोन दोन शब्दांना थांबत, म्हणाले,
"आठ दिवस झाले बाई,
रोज एक गिळून राह्यलो पाण्यासंगं.
दम काई जाऊन नाही राह्यला."

मला हसू आलं. मग त्यांच्या गळ्याची खाच दिसली,
प्रत्येक श्वासाला आत जाणारी.
कॅप्सूल यंत्रात ठेवली, टोचली,
ओढा म्हटलं, जोरात.
आत भुंग्यासारखी घरघरली.
हा रुमाल गाठ मारलेला आहे, म्हटलं,
दिवसभर सुटत नाही.
मेंदूतून छातीत उतरलेली एक नस
पहाटे पहाटे सांगत असते, आवळ, आवळ.
तिचा निरोप येईल, त्याला बसायला जागा नसेल.
कापूस काही निघणार नाही यानं.
ते मी म्हटलं नाही.

चौथ्या दिवशी तक्रार घेऊन आले, जिना चढून:
"तोंड वाळून राह्यलं ना बाई. खर्रा बी घोळत नाही."
बरं झालं, म्हटलं.

त्या रात्री तीन वाजता
भिंतीपलीकडे खोकला नव्हता.
काहीच नव्हतं.
आयुष्यभर सरळ रेघ दिसली की मी वहीत "उत्तम" लिहीत आले,
आज उठून बसले,
कान भिंतीला लावून.

बऱ्याच वेळानं
तांब्यावरचं फुलपात्र वाजलं.
पाणी पीत होते.