नाकासमोर

स्क्रीनवर स्वतःचं नाक आतून
पहिल्यांदाच पाहिलं:
ओली, गुलाबी बोळ,
आणि मधली भिंत डावीकडे कलंडलेली,
साखर पेठेतल्या त्या गल्लीसारखी
जिथून एकावेळी एकच सायकल जाते.
"पडदा वाकडा आहे," दुधगी डॉक्टर म्हणाले.
"लहानपणी कधी पडला होतात?"
आठवेना.
लोक म्हणायचे, पोरगी नाकासमोर चालते.
म्हणजे इतकी वर्षं मी
डावीकडेच जात होते.

अडतीस हजार.
दीड तास भूल, दोन दिवस नाकात बोळे.
बरं होईल ना पण?
ते पेनाचं टोपण काढतात, लावतात.
"हाड सरळ होईल. धुळीचं मी काय करू?
कारखाना सोडणार आहात?"

मी अक्कलकोट रोडला
टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहिते.
काचेची केबिन आहे. तरी संध्याकाळी
कीबोर्डवर पांढरी लव असते,
पिलाच्या अंगावर असते तशी.
फुंकर मारली की उठते,
थोडी फिरते,
पुन्हा तिथंच बसते.

मेरगू बाईंनी करून घेतलं मागच्या दिवाळीत.
बोळे काढले तेव्हा पहिला वास आला
तो वॉर्डातल्या फिनेलचा,
आणि त्या फिनेलसाठी रडल्या.
येमुल म्हणतो, दोन वर्षांत जैसे थे, पैसे पाण्यात.
दोघांचंही मी ऐकते
आणि बँकेच्या रांगेत, पदराआड,
थेंबांची बाटली नाकात पिळते.
महिन्याला एक लागायची.
आता आठवड्याला.

लसूण करपला
ते भिंतीपलीकडून पद्माक्कानं ओरडून सांगितलं.
शेंगाचटणीचा वास कसा असतो
हे मला आता फक्त माहीत आहे.

मे महिना, गच्चीवर गाद्या.
डाव्या कुशीवर वळलं की उजवी नाकपुडी उघडते
अर्धा तास.
तेवढ्यात झोप लागली तर लागली.
नवरा घोरण्याबद्दल काही बोलत नाही,
नुसती त्याची उशी
दर वर्षी वीतभर लांब जाते.

फॉर्मवर नातेवाईकाची सही लागते.
नवरा म्हणाला, तुझं तू ठरव, मी करतो.
नान्नांना विचारलं तर म्हणाले,
"नाक आहे ना जागेवर? मग?"
पण रात्री जेवण झाल्यावर
त्यांनी खिळ्यांच्या डब्यातून धोटा काढला,
तेल पिऊन काळा झालेला,
टोकाचं पितळ अजून लखलखीत.
कांडी बसवली. डोळ्याशी सूत धरलं.
"हे असं," म्हणाले, आणि ओठ लावून
श्वास आत ओढला.

चाळीस वर्षं असंच.
दर कांडीला एक श्वास,
दिवसाला किती कांड्या, कोण मोजतंय,
आणि सुताबरोबर जे काही आत जायचं
तेही कुणी मोजलं नाही.
आज सूत आलं नाही.
पुन्हा ओढलं. खोकला आला,
मग बराच वेळ नुसता खोकलाच.

मी त्यांच्या हातातून धोटा घेतला,
ओठ टेकवले.
तोंडानं श्वास घ्यायची माझी जुनी सवय:
पहिल्याच ओढीत
सूत सुर्रकन भोकातून बाहेर.
नान्ना बघतच राहिले.
"अगं, चांगली विणकर झाली असतीस," म्हणाले,
हसले,
आणि हसता हसता त्यांना
भिंत धरावी लागली.

सकाळी दवाखान्यात फोन केला.
पलीकडची मुलगी म्हणाली, बुधवार,
आदल्या रात्री दहानंतर पाणीसुद्धा नाही,
आणि थेंब आजपासून बंद.
बरं म्हटलं.
तिनं नाव पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं,
सांगताना दातात
सुताचा एक तंतू अडकलेला लागत होता.
फोन ठेवला तरी
जीभ तिथंच जात राहिली.