हिरवा बुधवार

न्यूपोर्टला लेकीच्या स्वयंपाकघरात
फ्रिजवर एक कॅलेंडर आहे.
निळे दिवस गॅरेथचे, पिवळ्या तिच्या रात्रपाळ्या,
हिरवे दिवस मुलांचे, त्यांच्या आईकडचे.
हे सगळे रंग स्केचपेनचे.
केशरी मी. महिन्यातून दोनदा, पेन्सिलीनं,
खोडता यावं म्हणून.

रविवारी जेवणानंतर इथे बैठक भरते.
ज्याच्या हातात लाकडी चमचा, त्यानंच बोलायचं.
नऊ वर्षांची केरिस म्हणते, मला राग आलाय,
आणि कुणी तिला गप्प बस म्हणत नाही.
राग असा सगळ्यांच्या ताटात वाढायचा असतो,
हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

ग्लॉस्टरला आमच्या घरी बोलणं
तिसऱ्या माणसावरून वळसा घालून यायचं.
"सांग तुझ्या आईला, बॉयलरवाला येऊन गेला."
"सांग तुझ्या बाबांना, मला कान आहेत."
मध्ये ऋजुता, सहा वर्षांची, आमचं पोस्ट ऑफिस.
पुढे पुढे ती निरोप नीट करून द्यायला लागली,
माशाचे काढावेत तसे काटे काढून.
दोघांनाही कळायचं. दोघंही चालवून घ्यायचो.

भांडण झालं की हे तीन-तीन दिवस बोलत नसत.
पण माझी पहाटेची शिफ्ट असली
की पावणेपाचला खाली गाडीच्या काचेवर
खर्रर्र, खर्रर्र.
लायब्ररीच्या जुन्या कार्डानं बर्फ खरवडायचे.
मी वर डोळे मिटून ऐकत पडलेली.
माफी होती की सवय, विचारलं नाही.
आता विचारायला ते नाहीत. कार्ड आहे.
एक कोपरा झिजून गोल झालाय.

चमचा हातात आला तेव्हा हेच सांगायला हवं होतं.
मी म्हटलं, "पास", आणि ओवेनकडे सरकवला.
पंधरा वर्षांचा ओवेन. तोही म्हणाला, "पास."
तेवढ्यापुरतं आमचं जमलं.

केरिसनं विचारलं, मी तुला काय म्हणू?
मराठीत आतेसासूला शब्द आहे, साडूला आहे,
लेकीच्या नवऱ्याच्या आधीच्या बायकोच्या मुलीला नाही,
आणि तिच्या बाजूनं बघितलं तर मलाही नाही.
म्हटलं, नावानं हाक मार.
ती म्हणाली, "हेम."
कपाटाच्या तळातलं पातेलं निघावं
तसं ते नाव खडखडत बाहेर आलं.
चाळीस वर्षं मी 'अगं' होते.

मग ती म्हणाली, शिकव मला.
म्हटलं, तुमच्याकडे 'वुई' एकच. आमच्याकडे दोन.
आम्ही म्हणजे आम्ही, ऐकणारा बाहेर.
आपण म्हणजे तूसुद्धा.
ती बराच वेळ गप्प. मग,
"म्हणजे कोण आत, कोण बाहेर
हे प्रत्येक वाक्यात ठरवावं लागतं?"
हो गं बाई.
तिला कसं सांगू, ऋजुता फोनवर म्हणते,
ख्रिसमसचं वुई ठरवतोय अजून,
आणि फोन ठेवल्यावर मी तो 'वुई'
खोट्या नोटेसारखा दिव्याखाली धरून बघते.

मंगळवारी रात्री केरिस दारात उभी,
तोंडात टूथपेस्टचा फेस.
"टुमॉरो आपण गोइंग टू मम्स हाऊस."
चूक होती. मी कुठे जाणार होते?
त्या बाईला मी पाहिलेलंसुद्धा नाही,
फक्त डब्यांच्या झाकणांवरचं तिचं अक्षर, तिरकं.
'आम्ही' म्हण, हे ओठांवर आलं होतं.
म्हटलं, "हो. स्वेटर घाल. थंडी पडणार आहे."

सकाळी सहाला खाली उतरले,
पर्समधून कार्ड काढलं.
गॅरेथच्या गाडीची काच फार मोठी आहे.
मधल्या भागापर्यंत माझा हात पोचत नाही.