उत्तर न आलेल्या जागा

सकाळी नऊला बिल्ड लावला,
अकराला तो अठ्ठ्याऐंशी टक्क्यांवर बसला.
नेटवर्क मोजायचं ॲप बांधायला
आधी नेटवर्क लागतं,
हे मडगावच्या ऑफिसात मला कळलं नसतं.
इथे नेत्रावळीत लायब्ररी उतरतात
फणसाच्या चिकासारख्या,
धड येत नाहीत, धड सुटत नाहीत.

मोगी वेळीप रेशनच्या दुकानाला कडी लावून आली,
कडेला चीर गेलेला फोन पुढे केला.
बिल्ड नंबरवर सात टिचक्या मारल्या
की फोन म्हणतो, आता तुम्ही डेव्हलपर.
ती खुदकन हसली.
"सात टिचक्यांत? माझं यंत्र
देमूचा अंगठा सतरा वेळा दाबून घेतं
आणि तरी म्हणतं, हा देमू नव्हे."
काजू फोडून फोडून
देमूच्या अंगठ्यावर रेषा उरलेल्या नाहीत,
आणि उरल्या असत्या तरी
त्या दिवशी रेंज नव्हती.

पिंग म्हणजे काय, तिने विचारलं.
मी आलेख काढायला वही घेतली होती,
मग ठेवली.
म्हटलं, आपली बुडबुड्यांची तळी.
काठावर उभं राहून टाळी वाजवायची,
तळातून बुडबुडा वर येतो.
टाळीपासून बुडबुड्यापर्यंत जेवढा वेळ,
तेवढं पिंग.
"आणि बुडबुडो येना जाल्यार?"
नऊ सेकंद थांबायचं, मग सोडून द्यायचं.
ती काही बोलली नाही.
देमू पावणेनऊपासून पायरीवर बसला होता,
पिशवीची घडी मांडीवर.

आठवड्याने नकाशा उघडला.
सगळा हिरवा.
फुर्तादो सरांचा मडगावहून निरोप: सुंदर.
सुंदरच होता.
फक्त तुडवच्या चढापलीकडे
एकही ठिपका नव्हता.
मला वाटलं, तिकडे कोणी गेलंच नाही.
मोगी म्हणाली, मी गेले की, चारदा,
पायाला लागलेल्या जळवा मोज हव्या तर.

तेव्हा दिसलं माझं कोड काय करत होतं.
आकडा घेतला की लगेच पाठवायचा,
जाईना तर टाकून द्यायचा.
हजेरी घेताना
गैरहजरांनाच मी हात वर करायला सांगत होतो
आणि वर्ग भरलेला आहे, असं लिहून
मोकळा होत होतो.

रात्री फाइल पुन्हा उघडली.
वीज दोनदा गेली.
उत्तर आलं नाही तर शून्य लिहायचं नाही,
शून्य हाही आकडा,
तो सरासरीत मुकाट मिसळून जातो.
वेगळा रकाना केला: उत्तर नाही.
सोबत वेळ, ठिकाण, किती थांबलो ते.
फोनमध्येच ठेव, रेंज भेटेल तेव्हा दे.
एवढ्याला पहाटेचे चार.
अठ्ठ्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी,
मग एकदम शंभर,
आणि मी एकटाच टाळी वाजवली.

पुढच्या शुक्रवारी साडेसातच्या कदंबात
मोगीने खिडकीतून फोन दिला.
मी यायचं म्हटलं होतं तरी तिने
कंडक्टर आग्नेलच्याच हातात दिला,
त्याने तो सुट्ट्या नाण्यांच्या पिशवीत टाकला.
मागच्या सीटवर मी लॅपटॉप उघडून.
रबराच्या बागा गेल्या, वळणं गेली,
फोन गप्प.
सांग्याच्या स्टँडवर बस टेकली
आणि पिशवीतल्या नाण्यांमध्ये काहीतरी थरथरलं.
दोनशे सव्वीस ठिपके,
राखाडी, एकामागून एक,
चढापलीकडची प्रत्येक वाट धरून.

"कितें रे, पयशे आयले?" आग्नेलने विचारलं.
नाही, म्हटलं, तुडव आलं.
त्याने पंच मशीन सवयीने खटखटवलं,
"तिकीट काढलंय का त्याचं?"