पंचवीस हजार बाकी

वकीलबाई म्हणाल्या, फणसेकाकू, ही ढाल आहे, तलवार नाही.
मी म्हटलं, मला भांडायचं कुठे होतं?
मला दळायचं होतं.

नवापुऱ्यातल्या ह्या दोन खोल्या.
सत्त्याण्णवच्या फेब्रुवारीत
रसिकभाई अमीनांनी लिहून दिलं, सही केली.
इथे बडोद्यात त्याला बानाखत म्हणतात,
पुण्याची नणंद साठेखत म्हणते.
त्यानंतर जे व्हायचं होतं
त्याला इथे दस्तावेज, तिकडे खरेदीखत.
ते कुठल्याच भाषेत झालं नाही.

एक लाख पंधरा दिले, पंचवीस बाकी.
बाकीचे दस्तावेजाच्या दिवशी, असं चौथ्या कलमात आहे.
किल्ली मात्र त्याच संध्याकाळी हातावर ठेवली:
बेन, चक्की मांडा,
कागळ क्यां भागी जवाना छे.

कागद नाही पळाले.
रसिकभाई गेले, आधी आणंदला,
मग न्यू जर्सीला,
मग त्याहून लांब.

मी फरशी फोडून चक्कीचे बोल्ट बसवले,
थ्री फेजचं मीटर घेतलं,
सत्तावीस वर्षं वेरा भरला.
पावती अजून अमीनांच्याच नावाची येते,
खाली बारीक अक्षरात: कब्जेदार.
तो शब्द मी आहे.

दिवाळीपुऱ्याच्या कोर्टात, जिन्याखाली,
वकीलबाईंनी बोटं मोडून सांगितलं:
दस्तावेज करून द्या असा दावा लावायची तुमची मुदत
केव्हाच संपली.
पण त्यांनाही तुम्हाला उठवता येणार नाही.
करार लेखी आहे, ताबा आहे,
फक्त एवढं दाखवा
की उरलेलं द्यायला तुम्ही तयार होतात.
तेव्हा. आणि आजही.

तयार!
रावपुऱ्याच्या बँकेत पंचवीस हजारांची एफडी आहे,
ह्यांच्या छातीत फुगा घातला तेव्हा पाटल्या मोडल्या,
ती नाही मोडली.
मुलीच्या फीला चुलतदिराकडे हात पसरला,
ती नाही मोडली.
ती रसिकभाईंची.
दर वर्षी एक रजिस्टर पत्र, मी तयार आहे, कधी येता,
पोचपावत्या लोणच्याच्या बरणीत, कोरड्या.
आता तिचं व्याज मुद्दलाच्या कितीतरी पुढे गेलंय.
ते कुणाचं,
हे मात्र वकीलबाईंनाही सांगता येईना.

मुलगी विचारते, आई, मग मृत्युपत्रात काय लिहिशील?
घर लिहिता येत नाही.
कुणी काढून घेऊ शकत नाही असं काहीतरी,
जे देताही येत नाही नीट.
त्याला एक शब्द हवा होता.

परवा रसिकभाईंचा मुलगा आला, जयमीन.
बूट घालूनच आत. छताकडे बघत म्हणाला,
इथे भाव काय चाललाय, कल्पना आहे?
मी विचारलं, गव्हाचा?
हसला नाही.

तेवढ्यात वीज गेली.
हंसाबेनचं पाच किलो चक्कीत होतं,
निम्मं वर, निम्मं डब्यात.
पट्टा दोन फेरे घेऊन थांबला.
तो म्हणाला, आता?
म्हटलं, आता काही नाही. थांबायचं.
वरचा गहू तिचा, खालचं पीठ तिचं.
आणि मधलं? त्यानं विचारलं, खरंच विचारलं,
क्षणभर बापासारखा दिसला.
मधलं दगडांत आहे, म्हटलं.
ते परत गहू होणार नाही,
आणि अजून पीठही नाही.

मी पंचवीस हजारांचं बोलले.
त्यानं घड्याळ बघितलं
आणि गेला.
हंसाबेन डबा पालथा घालून
त्यावर बसली.

मी एफडीची पावती काढून तारीख बघितली.
पिठाचं बोट उमटलं, फुंकलं,
गेलं नाही पूर्ण.
एकोणीसला रिन्यू करायची.