डाव्या बाहीतला टाका

गुरुवारी संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात चौघी येतात,
आणि वारा. त्याला कुणी बोलावलेलं नसतं.
फेरो बेटांवर वाऱ्याला दार उघडावं लागत नाही.
बिरिताची बोटं आता स्वतःच्या मर्जीने वाकतात,
तरी ती सुया सोडत नाही. म्हणते,
हात रिकामे राहिले की तोंड सुटतं.
तिचं तोंड तसंही सुटलेलंच असतं.

लोकर इथल्याच मेंढ्यांची, न रंगवलेली:
काळी, करडी, आणि एक तपकिरी
जिला आम्ही नाव दिलं नाही, नावं मात्र ठेवली.
मेंढीचं तेल बोटांना राहतं. पावालाही लागतं.

घरात माझ्या हातचं अंगावर नाही असा कुणी नाही.
यास्पुर ट्रॉलरवरून उतरतो
तो टाचा गेलेले मोजे पाठीमागे लपवून,
शाळेतल्या पोरासारखा.
रोईचा स्वेटर सुनेने मशीनमध्ये धुतला, उकळत्या पाण्यात,
आणि दोन वर्षं कपाटात दडवला.
मला ठाऊक होतं. विचारलं नाही.
आता तो चहाच्या किटलीला अगदी मापात बसतो,
बाह्या दोन्हीकडे लोंबतात,
आणि चहा ओतताना रानवा माझ्याकडे बघत नाही.

भावाला, हानुसला, पन्नाशीचा स्वेटर विणत होते.
डाव्या बाहीवर, मनगटापासून चार बोटं वर,
सुलट घालायचा तिथे एक टाका उलट पडला.
फोन वाजला होता. हॉस्पिटलमधून, आईबद्दल.
पुढे तीन ओळी विणून झाल्यावर लक्षात आलं.
उसवायला हवं होतं.
हानुस म्हणायचा, एवढा टाका माझा,
बाकी स्वेटर तुझा.

तो गेल्यावर सुन्नवाने त्याचं कपाट रिकामं केलं,
मला न सांगता.
कपाट तिचं. दुःखही आधी तिचं.
तरी मी महिनाभर तिला साखर विचारली नाही,
तशीच कॉफी दिली.

मग फेब्रुवारीत, मासळी कारखान्याच्या थांब्यावर
हानुस पाठमोरा उभा.
मी हाकही मारली असेल.
वळला तर पंचविशीतला मुलगा, फिलिपिन्सचा, रोदेल.
चर्चच्या दुकानातून घेतला, म्हणाला, चाळीस क्रोनर.
चाळीस!
डावं कोपर गेलेलं, धागा वाऱ्यावर.
सांगायचं पुष्कळ होतं.
विचारलं एवढंच, "ऊब आहे ना?"
"वजन आहे," तो म्हणाला,
"कुणीतरी धरून ठेवल्यासारखं."
"गुरुवारी घेऊन ये."

आणला. टेबलावर ठेवला.
बिरितासुद्धा गप्प.
सुन्नवाने सुया खाली ठेवल्या,
स्वेटरच्या गळ्यावरून अंगठा फिरवला,
पुन्हा सुया उचलल्या. टाके मोजू लागली,
मोठ्याने, आणि चुकीचे.

कोपर भरलं. करड्यात करडं,
पण मेंढी वेगळी, दिसतंच.
मग हात आपसूक खाली सरकला. टाका तिथेच होता.
सुईचं टोक त्यात घातलं मी, खोटं कशाला सांगू,
आणि कॉफी निवेपर्यंत तसंच ठेवलं.
मग काढून घेतलं.

पुढच्या गुरुवारी रोदेल पाकीट घेऊन आला:
सुकवलेला आंबा, त्याच्या आईने पाठवलेला,
टपालात सहा आठवडे.
बिरिताची कवळी त्यात रुतली,
आणि आम्ही हसलो ते यास्पुर उठून
काय झालं बघायला येईपर्यंत.

सुन्नवा हसत नव्हती. तिने त्याला विचारलं,
"आईचा हात केवढा?"
त्याने आपला पंजा धरला, बोटाचं एक पेर दुमडलं.
"एवढा. पण तिकडे थंडी नसते."
"नसू दे," सुन्नवा म्हणाली,
आणि पहिल्या हातमोज्याचे
चाळीस टाके घालायला घेतले.